आधी कार्ड, मग नेट

2000 सालानंतर वसई-विरारमध्ये अनेक घरांत इंटरनेट पोहोचलं ते केबलवाल्याच्या हातून. गच्चीवरून गच्चीवर वायर जायची, खिडकीतून आत यायची आणि संगणकातल्या नेटवर्क कार्डात खोचली जायची. विंडोजवाल्याचं काम कार्डासोबतच्या सीडीवर भागे. लिनक्सवाला आधी ‘एलएसपीसीआय’ चालवून चिप कुठली ते बघे.

8139 निघाली तर सुटलो. रियलटेकची ही चिप एवढी स्वस्तातली, की फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी कोडमध्येच तिची खिल्ली उडवली आहे. पण लिनक्सच्या कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आयता होता. त्याचं मूळ डोनाल्ड बेकर यांच्या कोडमध्ये. नासाच्या गोडार्ड केंद्रात 1994 साली 16 संगणक जोडून ‘बेवुल्फ’ उभारणाऱ्यांपैकी ते एक. असे कितीतरी ड्रायव्हर त्यांनी लिहिले.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं कार्ड नव्या चिपचं असलं की मात्र पंचाईत. नेटसाठी ड्रायव्हर हवा, ड्रायव्हरसाठी नेट. मग सायबर कॅफे गाठायचा, सोर्स पेनड्राइव्हवर घ्यायचा, घरी येऊन ‘मेक’ म्हणायचं, म्हणजे सोर्समधून ड्रायव्हर बांधायचा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडे, कारण चालू कर्नलचे हेडर नसत किंवा भलत्याच आवृत्तीचे असत. डिसेंबर 2003 मध्ये कर्नल 2.6 आलं आणि मॉड्यूल बांधायची रीतच बदलली, 2.4 साठीच्या मेकफाइल कुचकामी ठरल्या. ड्रायव्हर तसा मिनिटाभरात बांधून होई. भारनियमनाचं वेळापत्रक बघून बसावं लागे ते अख्खं कर्नल बांधणाऱ्यांना.

वायफायने आणखी छळलं. ब्रॉडकॉम चिपची माहितीच देईना, म्हणून एनडीआयएसरॅपर लावून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सवर चालवायचा, असला उफराटा प्रकार लोकांनी केला. कंपनीने खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर 2010 मध्ये. या खटाटोपातून आम्ही शिकलो, असं आमच्या पिढीतले अभिमानाने सांगतात. शिकलो, खरंच, पण त्यातली निम्मी मेहनत कंपन्यांच्या लपवाछपवीपायी होती.

कोड कर्नलमध्ये गेला की ही कटकट संपते. बाहेर राहिला की प्रत्येक नव्या कर्नलला मोडायची भीती. डेलने 2003 साली डीकेएमएस काढलं ते अशा मॉड्यूलची पुन्हा बांधणी आपोआप व्हावी म्हणून. आता सिक्युअर बूट चालू असेल तर घरी बांधलेल्या मॉड्यूलवर सहीही लागते.

स्वस्त यूएसबी वायफाय डोंगलसाठी आजही कधीकधी ‘मेक’ करावं लागतं. एकाच नावाच्या डोंगलमध्ये आवृत्तीगणिक वेगळी चिप निघते. तेव्हा खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. चिप कुठली ते विचारा आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का ते बघूनच पैसे द्या.