हृदयाच्या ऑपरेशनपूर्वीची मशागत



उसाच्या लागणीसाठी सऱ्या सोडण्याआधी रान नांगरायचं, ढेकळं फोडायची, शेणखत विस्कटायचं, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. आपला कारखानासुद्धा मिलचे रोलर आणि बॉयलरच्या नळ्या तपासल्याशिवाय बॉयलर पेटवीत नाही. पण घरच्या माणसाला हृदयाचे ऑपरेशन सांगितले, की तारखेपर्यंतचे दिवस आपण नुसते काळजीत घालवतो. हे दिवस मशागतीचे आहेत, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

बायपासचेच उदाहरण घेऊ. पाट बुजला तर आपण शेजारून चर काढून पाणी पुढे नेतो. तसेच येथे पायातील शीर किंवा छातीच्या आतील रक्तवाहिनी वापरून रक्ताला नवी वाट करून देतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ पासून ही शस्त्रक्रिया रूढ केली. यासाठी बहुधा छातीचे मधले हाड कापून पुन्हा तारेने जोडतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुखतं म्हणून रोगी खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग छातीत कफ साचतो आणि न्यूमोनियाचे भय निर्माण होते.

यावर उपाय आधीच करता येतो. हॉलंडमधील उट्रेख्त येथे धोका जास्त असलेल्या बायपासच्या सुमारे पावणेतीनशे रोग्यांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ऑपरेशनपूर्वी किमान दोन आठवडे, रोज वीस मिनिटे, श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम दिला. त्यांच्यापैकी १८ टक्के लोकांना ऑपरेशननंतर फुप्फुसाचा त्रास झाला. व्यायाम न दिलेल्यांत हेच प्रमाण ३५ टक्के होते. तेव्हा श्वासाचा व्यायाम, आणि छातीशी उशी धरून खोकायचे कसे, हे फिजिओथेरपिस्टकडून आधीच शिकून घ्यावे. चालणे मात्र डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. काही रोग्यांना विश्रांतीच हवी असते.

बिडी, तंबाखू, मिश्री त्याच दिवशी बंद. 'आता शेवटची' असं करत महिना जातो, आणि फुप्फुसांना साफ व्हायला तोच महिना हवा असतो. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणावी, नाहीतर जखम चिघळते. किडलेला दात, पिकलेली हिरडी दाखवावी. विशेषतः झडपेचे ऑपरेशन असेल तर तोंडातील जंतू रक्तावाटे झडपेवर जाऊन बसू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे डॉक्टर सांगतील. ती आपल्या मनाने सोडू नये आणि चालूही ठेवू नये. वैदूचा काढा किंवा चूर्ण चालू असेल तर तेही न लाजता सांगावे.

आता मनाची मशागत. 'म्हाताऱ्याला सांगू नका, घाबरेल,' असे म्हणून ऑपरेशनची गोष्ट लपवून ठेवणारी घरे पुष्कळ आहेत. प्रेमापोटीच हे होते, पण त्यात नुकसान रोग्याचे. अमेरिकेत बोस्टन येथे ९७ रोग्यांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशने पोटाची होती. कुठे दुखेल, का दुखेल, त्या वेळी काय करायचे, हे निम्म्यांना नीट समजावले. त्यांना वेदनाशामक औषध जवळजवळ निम्मेच लागले आणि ते सरासरी पावणेतीन दिवस आधी घरी गेले.

म्हणून रोग्याला सांगा : "आबा, जाग येईल तेव्हा तोंडात नळी असेल. थोडा वेळ बोलता येणार नाही. छातीतूनही नळ्या असतील, यंत्रं वाजत असतील. घाबरायचं नाही, हे सगळ्यांनाच असतं." पाणी हवंय, दुखतंय, यासाठी हाताच्या खुणाही ठरवून ठेवाव्यात. तोडीची व्यवस्था, सोसायटीचे कर्ज, जनावरे कोण बघणार हे त्याच्यासमोर ठरवावे, म्हणजे जीव तिकडे अडकत नाही. बरे झाल्यावर काय करायचे, तेही बोलावे. जर्मनीत मारबुर्ग येथे बायपासपूर्वी रोग्यांशी असेच पुढचे बेत ठरवून बोलत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सहा महिन्यांनी अशा रोग्यांना रोजच्या कामात कमी अडचण येत असल्याचे दिसले.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. मशागत म्हणजे चालढकल नव्हे. 'ऊस जाऊ दे, मग बघू' हे ठरविणारे आपण कोण? ऑपरेशन किती थांबू शकते ते डॉक्टरच सांगतील. बसल्याजागी छातीत दुखू लागले, दम लागला, घाम फुटला तर तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि घरच्या माउलीचे ऑपरेशन सणवार, लग्नसराई आटोपेपर्यंत लांबवू नये. तिचे हृदयही तेवढेच मोलाचे आहे.

घरात असा रोगी असेल तर हा लेख त्याच्यापासून लपवू नका. त्याच्याजवळ बसून मोठ्याने वाचा.