डीएसएल म्हणजे काय? सोयाबीनच्या १२ आणि १५ टक्क्यांतून समजून घ्या

वाशिम जिल्ह्यात खरीप म्हटलं की सोयाबीन. वाशिम, कारंजा, रिसोड, कुठेही माल नेला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘मॉइश्चर किती?’ हमीभावाच्या सरकारी खरेदीत ओलावा १२ टक्क्यांपर्यंतच चालतो, असा नियम. पण केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या खरीप हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्के केली. तेव्हा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या खालीच होता.

आता समजा, एका शेतकऱ्याच्या २० क्विंटल मालात १४ टक्के ओलावा निघाला आणि बाजारात त्याला ४,२०० भाव मिळतोय. फरक क्विंटलमागे ६९२ रुपये, म्हणजे एकूण १३,८४० रुपये. सरकारचा निर्णय झाला, पण केंद्रावरच्या अॅपमध्ये जुनाच १२ चा आकडा कोडच्या आत लिहिलेला असेल तर? डेव्हलपर कोड बदलणार, नवीन व्हर्जन येणार, सगळे अपडेट करणार. तोपर्यंत अॅप ‘माल नाकारला’ असंच सांगत राहणार.

याऐवजी नियम अॅपच्या बाहेर असा लिहिलेला असता तर?

ओलावा १५ पेक्षा जास्त असेल तर नाकारा
नाहीतर रक्कम = वजन × हमीभाव

खरेदीचं काम बघणाराही हे वाचू शकतो, चूक पकडू शकतो. अशा एकाच कामापुरत्या छोट्या भाषेला डोमेन स्पेसिफिक लँग्वेज, म्हणजेच डीएसएल म्हणतात. जावा किंवा पायथनमध्ये गेमपासून बँकेच्या सॉफ्टवेअरपर्यंत काहीही बनतं. डीएसएल मात्र एकच काम करते. एक्सेलचे फॉर्म्युले, वेबपेज सजवणारं सीएसएस, डेटाबेसला प्रश्न विचारणारं एसक्यूएल या सगळ्या डीएसएलच आहेत. मग अशी भाषा बनवतात कशी? चला, मार्ग बघूया.

आधी विचारा: भाषा खरंच हवी का?

फक्त १२ चे १५ होणार असतील तर भाषेची गरज नाही. तो आकडा सर्व्हरवरच्या सेटिंगमध्ये ठेवला की काम झालं. पण उद्या नियमाचा साचाच बदलला, एकरी मर्यादा आली, नोंदणीची अट आली, तर नुसते आकडे पुरत नाहीत. डीएसएलचा विचार तेव्हा करायचा.

मार्ग १: आहे त्या भाषेतच

याला इंटर्नल डीएसएल म्हणतात. कोटलिनसारख्या भाषेतच फंक्शनची नावं अशी ठेवायची की कोड नियमासारखा वाचता येईल. अँड्रॉइड अॅप बनवताना वापरतात त्या ग्रेडलच्या फाइली ग्रूव्ही किंवा कोटलिनमध्ये अशाच लिहिल्या जातात. फायदा म्हणजे एडिटर, चुका दाखवणं, सगळं आयतं मिळतं. तोटा म्हणजे मूळ भाषेचे कंस आणि नियम पाळावेच लागतात. प्रोग्रामर नसलेल्या माणसाला ते जड जातं.

मार्ग २: स्वतःची वेगळी भाषा

ही एक्स्टर्नल डीएसएल. वरच्या दोन ओळी या प्रकारातल्या. इथे आधी लेक्सर ओळीचे तुकडे करतो: ‘ओलावा’, ‘१५’, ‘पेक्षा जास्त’. मग पार्सर त्या तुकड्यांचं नातं ओळखून एक झाड बनवतो: वर अट, खाली दोन फांद्या, एक ‘नाकारा’ची, दुसरी ‘रक्कम’ची.

हे सगळं हाताने लिहिता येतं. नाहीतर व्याकरण लिहून द्यायचं आणि पार्सर तयार करून घ्यायचा. बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकात लेक्स आणि याक ही साधनं याच कामासाठी बनली. आज अँटलर लोकप्रिय आहे.

मराठीत भाषा बनवताना जास्तीची डोकेदुखी असते. ‘ओलावा’ आणि ‘ओलाव्याचं’ आपल्याला एकच वाटतं, पण लेक्सरला ते दोन वेगळे शब्द. आकड्यांचंही तसंच. देवनागरी ‘१५’ हा मजकूर पायथन बरोबर पंधरा म्हणून वाचतो, जावास्क्रिप्ट मात्र ‘हा आकडाच नाही’ म्हणते. असले प्रकार आधीच पकडावे लागतात.

झाड तयार झालं, आता चालवायचं कसं?

इंटरप्रिटर: झाडाच्या फांद्यांवरून फिरत लगेच उत्तर काढायचं. बनवायला सगळ्यात सोपं. रोजच्या काही हजार पावत्यांना हा वेग सहज पुरतो.

भाषांतर: झाडावरून जावास्क्रिप्ट किंवा दुसऱ्या भाषेतला कोड तयार करायचा. वेग वाढतो, पण चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे हे शोधणं अवघड होतं.

बाइटकोड: छोट्या सूचनांची यादी बनवून ती स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनवर चालवायची. तुमच्या अँड्रॉइड फोनमधले कॉन्टॅक्ट्स ज्या एसक्यूलाइटमध्ये असतात, ते प्रत्येक एसक्यूएल प्रश्नाचं असंच करतं.

मग निवडायचं काय?

नियम प्रोग्रामरच लिहिणार असतील तर इंटर्नल डीएसएल घ्या. खरेदीतल्या माणसाने लिहायचे किंवा तपासायचे असतील तर एक्स्टर्नल भाषा आणि साधा इंटरप्रिटर. वेग खरंच कमी पडला तरच पुढचं बघा. आणि चुकीचा संदेश नीट द्या. ‘एरर ४०२’ पेक्षा ‘ओळ १ मध्ये टक्केवारी लिहायची राहिली’ हे कधीही चांगलं. भाषा बनवली की ती सांभाळावीही लागते, हेही लक्षात ठेवा.

करून बघायचंय? फोनवर गूगल शीट्स उघडा. एका कॉलममध्ये दहा जणांच्या मालाचा ओलावा टाका आणि ‘इफ’ फॉर्म्युल्यात मर्यादा १२ ठेवा. मग तिथे १५ करा आणि किती जणांचा ‘नाकारला’चा ‘घेतला’ होतो ते मोजा. तो फॉर्म्युला लिहिलात की तुम्ही डीएसएल वापरलीच!