वाट मागण्याची रीत

नगर हवेलीतल्या किलवणीत विमानतळ नाही, सिल्वासातही नाही. तरी रात्री अंगणात खाट टाकली की वरून लुकलुकत जाणारी विमानं मोजत बसता येतं. भारताच्या आकाशाच्या मुख्य वाटण्या चार: दिल्ली, कोलकाता, चेन्नई, मुंबई. आपण मुंबईच्या वाट्याचे. याच नगर हवेलीत शिरायची वाट मागत पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला होता, निकाल १९६०चा. वरच्या विमानांना मात्र उंची बदलायची तरी आधी विचारावं लागतं, आणि ते विचारणं आजही बहुतेक तोंडीच चालतं.

रेडिओच्या एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकानंच बोलायचं. पाच-नऊची गल्लत नको म्हणून ‘नाईन’ नाही, ‘नायनर’. ऐकलेला हुकूम परत म्हणून दाखवायचा. दोघांनी एकदम बटण दाबलं तर ऐकणाऱ्याला नुसती शिट्टी. २७ मार्च १९७७ला टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात ‘थांबा’ असं टॉवर सांगत होता, ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं दुसरं विमान सांगत होतं. दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली. उड्डाणाला निघालेलं जंबो थांबलं नाही. ५८३ माणसं गेली.

अरबी समुद्रावर दुखणं वेगळं. नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ क्षितिजापलीकडे पोचत नाही, म्हणून वातावरणाच्या वरच्या थरावरून परतणाऱ्या एचएफ लहरी वापरायच्या. त्यात खरखर इतकी की वैमानिक सतत कान देत नाहीत. त्यांच्या विमानाचा चार अक्षरी संकेत वाजला की घंटी होते, मग बोलायचं.

आता तिथे लिहून बोलतात. या सोयीचं नाव सीपीडीएलसी. वैमानिक ‘व्हीएबीएफ’ ही मुंबईची अक्षरं टाइप करून जोडला जातो. टिंग होतं, पडद्यावर ओळ उमटते: ‘क्लाइंब टू एफएल ३७०’, म्हणजे ३७०च्या उंचीपातळीला चढा. जमत असेल तर ‘विल्को’, नसेल तर ‘अनेबल’. वाक्यं बहुतेक आधीच ठरलेली, त्यामुळे उच्चाराचा घोळ नाही. शंका आली तर पुन्हा वाचता येतं. मला यातली मोठी गोष्ट हीच वाटते, वेग नव्हे.

कारण वेग यात नाहीच. निरोप जाऊन उत्तर यायला मिनिटभरही लागू शकतं. शिवाय चावडीवरचं ऐकणं संपतं. तोंडी कारभारात पुढच्या विमानाला हादरे बसले की मागच्या सगळ्यांना आपोआप कळायचं. खासगी पडद्यावर ते दिसत नाही.

म्हणून मुंबई जवळ आली की पडदा बाजूला. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरायची. तिच्यावर दिवसाला हजारावर विमानांची ये-जा झालेली आहे. दोन विमानांतलं अंतर सेकंदांत मोजणाऱ्या नियंत्रकाला ‘विल्को’ची वाट बघायला सवड कुठली? तिथे पुन्हा माइक, पुन्हा ‘नायनर’.