क्लोरीन भरपूर, तरी पूल हिरवा? स्टॅबिलायझरचा हिशोब समजून घ्या



स्विमिंग पूल मेंटेनन्सच्या व्यवसायावरच्या व्हिडिओत आपण भांडवल, ग्राहक आणि वर्षाचा करार बघितला. पाण्याची आकडेमोड मात्र बोलून नीट समजत नाही, म्हणून ती इथे लिहून देतोय. कागद-पेन घेऊन बसा.

आपल्या ठाकुर्लीच्या पुढे, कल्याणनंतर रेल्वेला दोन फाटे फुटतात. एकीकडे बदलापूर, नेरळ, कर्जत. दुसरीकडे टिटवाळा, आसनगाव, शहापूर. दोन्ही पट्ट्यांत बंगले आणि फार्महाऊस आहेत, त्यांच्या अंगणात छोटे पूल आहेत. मालक मुंबई-ठाण्यात राहतो, पूल माळ्याच्या भरवशावर असतो, शनिवार-रविवारी पाहुणे येतात. हाच तुमचा ग्राहक.

आता या ग्राहकाची नेहमीची तक्रार ऐका. मे महिना, बुकिंग फुल, आणि शुक्रवारी माळ्याचा फोन येतो: "साहेब, पाणी हिरवं पडलंय. गोळ्या टाकल्यात, किटमध्ये क्लोरीन पण दाखवतंय." यावर जो माणूस "अजून दोन गोळ्या टाका" म्हणतो, तो हा ग्राहक गमावणार. कारण बिघाड त्या गोळ्यांमुळेच झालेला असतो.

स्टॅबिलायझर करतो काय?

उन्हात क्लोरीन टिकत नाही. उघड्या पुलात नुसतं क्लोरीन टाकलं तर कडक उन्हात दोन-तीन तासांत त्यातलं बरंचसं उडून जातं. म्हणून पाण्यात सायन्युरिक अ‍ॅसिड घालतात. यालाच आपण स्टॅबिलायझर म्हणतो. ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि लागेल तसं थोडं थोडं सोडतं.

दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर हे उधारीसारखं आहे. वहीत रक्कम दिसते, पण गल्ल्यात रोकड नसते. जंतू आणि शेवाळ मारायला रोकड लागते, म्हणजे मोकळं क्लोरीन. तुमचं टेस्ट किट मात्र वहीतली सगळी रक्कम मोजून दाखवतं. स्टॅबिलायझर जितका जास्त, तितकी उधारी जास्त. म्हणून किटमध्ये ३ दिसतात आणि पाणी तरी हिरवं होतं.

पूल चालवणारे एक सोपा नियम वापरतात: स्टॅबिलायझरचा जो आकडा असेल, त्याच्या साधारण ७.५ टक्के फ्री क्लोरीन ठेवायचं. स्टॅबिलायझर ३० पीपीएम असेल तर सव्वादोन पीपीएम क्लोरीन पुरतं. तोच १२० झाला तर ९ लागतं. आणि कितीही कमी हिशोब निघाला तरी २ च्या खाली जायचं नाही. अमेरिकेची सीडीसी ही आरोग्य संस्थाही स्टॅबिलायझर असलेल्या पुलात किमान २ पीपीएम क्लोरीन आणि ७.० ते ७.८ पीएच ठेवायला सांगते.

१२० होतो कसा?

बाजारात मिळणारी पांढरी गोळी म्हणजे टीसीसीए ९०. वापरायला सोपी, टिकायला चांगली, म्हणून सगळे तीच घेतात. पण तिच्या वजनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग सायन्युरिक अ‍ॅसिड असतो. क्लोरीन संपतं. स्टॅबिलायझर उन्हाने उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, बाष्पीभवनाने जात नाही. तो साठत जातो.

आता लिहून घ्या. पूल १० मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे ५०,००० लिटर. या पुलात १ पीपीएम वाढवायला ५० ग्रॅम लागतात.

२०० ग्रॅमची एक गोळी टाकली की साधारण ३.६ पीपीएम क्लोरीन मिळतं आणि २.२ पीपीएम स्टॅबिलायझर वाढतो. आठवड्याला ४ गोळ्या धरल्या तर जवळजवळ ९ पीपीएम. मार्चच्या सुरुवातीला ३० असेल, तर दहा आठवड्यांत त्यात ९० ची भर पडते. मे महिन्याच्या मध्यावर झाला १२०! ऐन सुट्टीत, ऐन बुकिंगमध्ये.

आता उपाय काय?

१२० चा ४० करायचा तर साधा उपाय एकच: पाणी बदलणं. दोन तृतीयांश पाणी काढायचं, म्हणजे ३३,००० लिटर. १०,००० लिटरचे तीन-चार टँकर. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा धरणं आहेत, त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तिथे मे महिन्यात ३३,००० लिटर पाणी ओतून द्यायची वेळ येऊ न देणं, हेच तुमचं खरं काम. ग्राहक तुम्हाला पैसे देतो ते यासाठी.

त्यासाठी पद्धत अशी ठेवा:

१. सुरुवातीला स्टॅबिलायझर ३० ते ४० पीपीएमपर्यंत आणा. नव्या पाण्यात ५०,००० लिटरला ३० पीपीएमसाठी दीड किलो पावडर लागते. ती हळू विरघळते, म्हणून कापडी पिशवीत घालून पाणी आत येतं त्या जाळीसमोर टांगा.

२. त्यानंतर रोजचं क्लोरीन लिक्विडने द्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटने. यात स्टॅबिलायझर नसतो. १० टक्क्यांचं ताजं लिक्विड १ लिटर टाकलं की आपल्या पुलात साधारण २ पीपीएम वाढतं. हे उन्हाने आणि उष्णतेने लवकर कमजोर होतं, म्हणून थोडंच आणा, सावलीत ठेवा. टाकायचं संध्याकाळी, पंप चालू ठेवून. गोळ्या फक्त माळी सुट्टीवर असेल त्या आठवड्यासाठी.

३. क्लोरीन आणि पीएच रोज मोजायला माळ्याला शिकवा. पिवळा रंग देणारं स्वस्त किट एकूण क्लोरीन दाखवतं. आपल्याला फ्री क्लोरीन हवं, म्हणून गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या. क्लोरीन फारच जास्त असेल तर हा गुलाबी रंग उडून पाणी स्वच्छ दिसतं, हेही त्याला सांगून ठेवा.

४. स्टॅबिलायझर महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः मोजा. रसायन घातलं की नमुना दुधाळ होतो. नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होतो तिथला आकडा वाचायचा. ६० दिसले की गोळ्या पूर्ण बंद.

५. पावसाळ्यात पूल भरून वाहतो, त्याबरोबर स्टॅबिलायझरही थोडा उतरतो. म्हणून ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की आधी मोजा, मग लागेल तेवढाच घाला. आणि पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नका. जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने टाकी वर उचलली जाऊ शकते.

छताखालच्या पुलाला ऊन लागत नाही, तिथे स्टॅबिलायझरची गरजच नाही. क्लब हाऊसच्या आतला पूल मिळाला तर हे विसरू नका.

सुरक्षेत तडजोड नाही

टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एका डब्यात, एका मापात कधीच नाही. आग लागू शकते. लिक्विड क्लोरीन आणि अ‍ॅसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. माळ्याला हातमोजे आणि चष्मा तुम्ही द्या. हा खर्च कोटेशनमध्ये धरा.

करारात काय लिहाल?

तीन ओळी वेगळ्या ठेवा: तुमच्या फेऱ्यांचे पैसे, रसायनांचे पैसे, पाण्याचे पैसे. करार सुरू होतो त्या दिवशीचा स्टॅबिलायझरचा आकडा लिहून मालकाची सही घ्या. आधीच १०० असलेला पूल ताब्यात घेतलात आणि नोंद केली नाहीत, तर मे महिन्यातल्या टँकरचं बिल तुमच्याच माथी येईल. दर महिन्याचा आकडा मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. लांब राहणाऱ्या मालकाला तेवढ्यानेच विश्वास वाटतो.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीतल्या कुणाचा तरी एक पूल गाठा, लिटर काढा, तिन्ही आकडे मोजा आणि वहीत लिहा. पहिलं कोटेशन त्या पानावरूनच तयार होईल. भेटूया पुढच्या व्हिडिओत!