‘आवडे छे?’ : मुलाखतीतले अवघड प्रश्न आणि आपली भाषा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी रिंग रोडवरच्या एका कापडाच्या पेढीत मुलाखत देऊन थेट माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. ‘‘मॅडम, मी खोटं बोललो असं त्यांना वाटलं.’’ शेठनी त्याला गुजरातीत विचारले होते, ‘‘टॅली आवडे छे?’’ हा उत्साहाने म्हणाला, ‘‘हा, बहु आवडे छे.’’ त्यांनी लगेच त्याला संगणकासमोर बसवले आणि खरेदीचे एक बिल नोंदवायला सांगितले. टॅली त्याने दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिले होते, त्यावर हात चालवलेला नव्हता. पाच मिनिटांनी शेठ एवढेच म्हणाले, ‘‘आवडतुं नथी, तो हा केम पाडी?’’ येत नाही, तर हो का म्हणालास?

गुजरातीत ‘आवडवुं’ म्हणजे एखादी गोष्ट करता येणे. पसंत असण्यासाठी तिथे ‘गमवुं’ आहे. हा मुलगा सुरतेतच जन्मला, बाजारात हा शब्द तो रोज ऐकतो आणि बरोबर वापरतोही. पण परक्या खुर्चीत बसल्यावर, तळहाताला घाम आलेला असताना, त्याचा कान घरी परतला आणि त्याने मराठी ‘आवडणे’ ऐकले.

मी मराठी साहित्य शिकवते. नोकरीविषयी मार्गदर्शन करणे हे माझे काम नाही आणि त्याचे प्रशिक्षणही मला नाही. तरी गेली काही वर्षे परीक्षा संपल्या की मुले माझ्या टेबलाशी येतात, कारण मुलाखतीत आपले नेमके काय चुकले हे त्यांना मराठीत सांगायचे असते. त्यांचे ऐकून माझे एक मत झाले आहे. आत्मविश्वास हा आवाजाचा, पोशाखाचा किंवा ताठ बसण्याचा प्रश्न फार थोडा आहे. विचारलेला शब्द नीट ऐकणे आणि उत्तरात आपल्या मालकीचा शब्द वापरणे, यात तो पुष्कळसा येतो. म्हणजे शेवटी ही भाषेचीच बाब आहे, आणि म्हणून या अंकात तिला जागा मागण्याचे धाडस करते.

उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातली माणसे सुरतेत येत राहिली आणि लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत स्थिरावली. त्यांच्या नातवंडांची आज मी हजेरी घेते. घरी अहिराणी, महानगरपालिकेच्या शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी, दुकानात गुजराती आणि अर्ज भरताना इंग्रजी, अशा पाच भाषांतून त्यांचा दिवस जातो. एवढे असूनही ‘भाषा कोणत्या येतात?’ या रकान्यात ती अहिराणी लिहीत नाहीत, मराठी संकोचाने लिहितात आणि इंग्रजी खोटी लिहितात. मुलाखतीतला पहिला अवघड प्रश्न इथेच, अर्जावर, चुकलेला असतो.

शब्दांचे सापळे बरेच आहेत. हिंदी पत्रात ‘साक्षात्कार’ की तिथी दिलेली असते. आपल्याकडे साक्षात्कार संतांना होतो! ‘आपकी शिक्षा?’ असे विचारले की मराठी कानाला क्षणभर आपण काही गुन्हा केल्यासारखे वाटते. आणि गुजराती मालकाचा लाडका शब्द ‘फावशे’. ‘‘केटला पगारमां फावशे?’’ म्हणजे किती पगारात जमेल, परवडेल. मराठीत मात्र ‘त्याला बरेच फावले’ यात संधी साधल्याचा थोडा वाईट वास आहे. मुले हा शब्द ऐकून बिचकतात, आणि बिचकलेला माणूस कमी आकडा सांगतो. गंमत म्हणजे ‘पगार’ हा शब्द दोन्ही भाषांनी पोर्तुगिजांकडून घेतला आहे. त्याबाबतीत कोणाचा गैरसमज होत नाही.

यावर उपाय साधा आहे, पण तो भीड सोडून करावा लागतो. प्रश्न आपल्या शब्दांत परत विचारायचा. ‘‘टॅली वापरता येतं का, असं विचारताय ना?’’ याने वेळही मिळतो. ‘‘थोडुं विचारी लउं?’’ असे म्हणून चार श्वास गप्प बसणाऱ्या उमेदवाराला कोणी हाकलून दिल्याचे मी ऐकलेले नाही. न येणाऱ्या गोष्टीबद्दलही तसेच. ‘‘येत नाही. बिलं हाताने लिहिली आहेत, संगणकावर नाही’’ या उत्तरात नकार आहे, पण त्यात एक पकडण्याजोगी वस्तूही आहे. त्या मुलाने हे सांगितले असते तर नोकरी मिळालीच असती असे मी म्हणणार नाही. तो खोटा मात्र ठरला नसता.

मुलांना हे शिकवते तेव्हा माझी स्वतःची मुलाखत आठवते. नव्वदच्या दशकाची अखेर होती. एका महाविद्यालयात, नाव सांगत नाही, मराठीच्या अधिव्याख्याता पदासाठी मला बोलावले होते. समितीतल्या एका सदस्यांनी विचारले, ‘‘सुरतेत मराठी शिकायला येणार कोण?’’ प्रश्न खोचक होता, पण गैरलागू नव्हता. मी ज्ञानेश्वरांपासून सुरुवात केली. भाषेची थोरवी, संतपरंपरा, भाषाभगिनींचा स्नेह असे बराच वेळ बोलले. समितीने चहा मागवला. त्या जागेवर माझी निवड झाली नाही आणि कित्येक वर्षे मी तो मराठीवरचा अन्याय समजत होते. आज वाटते, उत्तर माझ्या रोजच्या वाटेवर होते. मी बसने जायचे त्या रस्त्यावर महानगरपालिकेच्या मराठी शाळा होत्या. सकाळी त्यांच्या फाटकांतून मुलांचे लोंढे आत जात. ती मुले दहावीनंतर कुठे जातात, एवढे जरी मी आधी चौकशी करून गेले असते आणि दोन वाक्यांत सांगितले असते, तरी विचारणाऱ्याला उत्तर मिळाले असते. मी उत्तराऐवजी अभिमान पुढे केला.

हाच मोह मुलांना दुसऱ्या एका प्रश्नात होतो. सुरतेतल्या मराठी उमेदवाराला तो अर्धवट चेष्टेत कधीतरी विचारला जातोच : ‘‘तमारा शिवाजीए अमारुं सुरत लुट्युं हतुं, खबर छे ने?’’ काहींचे कान तापतात, काही कसनुसे हसतात. दोन्ही प्रतिक्रियांनी जागा हातची जाते. मी मुलांना सांगते, आधी तारखा माहीत करून घ्या. पहिली स्वारी जानेवारी १६६४ मधली, दुसरी ऑक्टोबर १६७० मधली. सुरत तेव्हा मोगल साम्राज्याचे सर्वांत श्रीमंत बंदर होते, आणि पहिल्या स्वारीच्या वेळी सुभेदार इनायत खान शहर सोडून किल्ल्यात जाऊन बसला होता. महाराजांनी कॅपुचिन पाद्री फादर ॲम्ब्रोझ यांच्या घराला धक्का लावला नाही, अशी नोंद बर्निए या फ्रेंच प्रवाशाने केली आहे. एवढे ठाऊक असले की आवाज आपोआप खाली येतो. मग उत्तर असे देता येते : ‘‘हो, दोनदा. ती मोगल सत्तेच्या तिजोरीवरची स्वारी होती असं आम्ही शिकलो, पण शहरातल्या व्यापाऱ्यांनी ते सोसलं हेही खरं आहे. माझं घर आता याच शहरात आहे.’’ तीन वाक्ये पुरेत. ‘लूट’ म्हणावे की ‘स्वारी’, यावर इतिहासाच्या वर्गात तासभर बोलता येईल. मुलाखतीत दोन्ही शब्द आपल्याला माहीत आहेत एवढे दिसले तरी काम होते. समोरचा इतिहास तपासत नसतो. न पटणारे ऐकल्यावर हा मुलगा गिऱ्हाइकाशी कसा बोलेल, ते तो बघत असतो.

केंद्र सरकारने गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ मधल्या पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. तिथे आता लेखी परीक्षेवर निवड होते, आणि ओळखीपाळखीला वाव कमी झाला हे चांगलेच झाले. पण आमची बहुतेक मुले पेढी, कारखाना, रुग्णालय, खासगी शाळा इथे जातात. तिथे मुलाखत आहेच. वरच्या टोकाला केंद्रीय लोकसेवा आयोगाची व्यक्तिमत्त्व चाचणी आहे, २७५ गुणांची. तिच्या नियमांतच लिहिले आहे की ही उलटतपासणी नव्हे, दिशा असलेले सहज संभाषण आहे. मुख्य परीक्षा मराठीत लिहिणाऱ्याला ही मुलाखतही मराठीत देता येते. हे वर्गात सांगितले की मागच्या बाकांवरून नेहमी एकच प्रश्न येतो : ‘‘खरंच?’’

आता ‘आम्ही’विषयी. मराठी माणूस नम्रतेने ‘आम्ही’ म्हणतो. ‘‘आम्ही महाविद्यालयात प्रदर्शन भरवलं.’’ पुढचा प्रश्न येतो, ‘‘त्यात तुम्ही काय केलं?’’ आणि बोलती बंद. आपल्या भाषेत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन वेगळे शब्द आहेत. एकात ऐकणारा आत असतो, दुसऱ्यात बाहेर. पण दोन्हींत बोलणारा गर्दीत लपू शकतो. ‘करण्यात आले’, ‘ठरवले गेले’ हे कर्मणी प्रयोग तर लपण्यासाठीच जन्मले असावेत, असे उत्तरपत्रिका तपासताना वाटते. मी मुलांना एकवचनी वाक्ये लिहायला लावते. ‘मी वर्गणीचा हिशोब ठेवला. साठ पावत्या फाडल्या. दोन पावत्यांचा मेळ लागला नाही, तेव्हा सरांना सांगितलं.’ यात बढाई नाही, क्रियापदे आहेत. ‘तुमच्यातला दोष सांगा’ या प्रश्नालाही हेच. ‘मी फार कष्ट करते, हाच माझा दोष’ हे उत्तर मार्गदर्शकांतून इतके फिरले आहे की ते ऐकताना मला मुलांची दया येते. ‘मी हळू लिहिते, म्हणून आदल्या रात्री टाचण काढते’, असे काहीतरी खरे असावे.

काही प्रश्न विचारले जाऊ नयेत असेच असतात. मुलींना ‘‘लग्नानंतर नोकरी सोडणार ना?’’ हा हमखास. ‘‘आखाजीला गावी गेलात की कधी परत येता?’’ हा खानदेशी मुलांना. दुसऱ्याला निदान आधार आहे, अक्षय्य तृतीयेला लूमखाती रिकामी होतात हे मालकाने पाहिलेले असते. दिवस मोजून सांगावेत. पहिल्याला मी शिकवलेले उत्तर असे : ‘‘काम सोडायचं झालं तर महिनाभर आधी कळवीन, कारण काही असो.’’ राग आला तर तो बाहेर येऊन माझ्यापाशी काढावा. अशा वेळी उठून यावे, असे सांगण्याची माझी छाती नाही. घरी भाडे थकलेले असते.

एका मुलीची हकीकत सांगायची राहिली. लिंबायतची. वडील पांडेसऱ्यात लूमवर, बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. पहिल्या मुलाखतीत ‘वडील काय करतात?’ याला तिने उत्तर दिले, ‘‘टेक्सटाइल बिझनेसमध्ये आहेत.’’ ‘‘कोणत्या मार्केटमध्ये? दुकान नंबर?’’ ती उठून निघून आली आणि आठवडाभर महाविद्यालयात फिरकली नाही.

मग माझ्या टेबलाशी बसून आम्ही ते उत्तर पुन्हा बांधले. आधी अहिराणीत : ‘‘मना बाप लूमवर काम करस.’’ हे वाक्य म्हणायला तिला बराच वेळ लागला. पुढचे आपोआप आले. पाचवीपासून वडिलांच्या मीटरचा हिशोब तीच वहीत लिहिते. कोणत्या मशीनवर कोणता ताका उतरला (प्रमाण मराठीत तागा; सुरतेत कोणी तसे म्हणत नाही), किती मीटर भरला, सारे रोजच्या रोज. पगाराच्या दिवशी मालकाच्या चिठ्ठीशी वही ताडून बघते. एकदा चिठ्ठीत एक ताका कमी निघाला, तेव्हा वही घेऊन तीच खात्यात गेली होती. ‘‘आणि हे तू अर्जात का नाही लिहिलंस?’’ ती म्हणाली, ‘‘मॅडम, ते घरचं काम आहे ना.’’

तेच आम्ही मराठीत केले, मग गुजरातीत : ‘‘मारा पप्पा लूम पर कारीगर छे. एमना मीटरनो हिसाब हुं राखुं छुं.’’ पुढच्या मुलाखतीत हे वाक्य तिने म्हटले. शेठनी विचारले, हिशोबात फरक आला तर काय करशील? ‘‘पहेलां चिठ्ठी जोउं, पछी वही, पछी पूछुं.’’ त्यांनी तिला त्याच आठवड्यापासून यायला सांगितले.

पेढे घेऊन आली तेव्हा ती थोडी खट्टू दिसली. पगार तिने मनात धरलेल्यापेक्षा दोन हजारांनी कमी ठरला होता. ‘‘केटलामां फावशे, असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून ‘तमे कहो ते’ निघून गेलं.’’ त्या प्रश्नाची तयारी मी तिच्याकडून करून घेतली नव्हती.