नळ मॉस्कोत, वारा आपल्या गावचा

तारेचे तुकडे, प्रसादासारखे वाटलेले

८ फेब्रुवारी २०२५. लाटव्हियातलं विल्याका हे रशियाच्या सीमेजवळचं छोटंसं गाव. तिथे रशियाकडे जाणारी विजेची तार कापली गेली आणि ऊर्जामंत्री कास्पर्स मेल्निस यांनी तिचे तुकडे जमलेल्या लोकांना आठवण म्हणून वाटले!

एवढा आनंद कशाचा? एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया हे तिन्ही देश २००४ पासून नाटोत आणि युरोपीय संघात आहेत. पण त्यांच्या विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे ते ५० हर्ट्झ, सांभाळली जायची मॉस्कोतून. २०२२ मध्ये त्यांनी रशियाची वीज विकत घेणं बंद केलं, तरी नाडी तिकडेच होती. तार कापल्यावर तिन्ही देशांनी जवळपास एक दिवस आपापल्या बळावर ग्रिड चालवलं आणि ९ तारखेला पोलंडमार्गे ते युरोपच्या ग्रिडला जोडले गेले. व्हिल्निअसमध्ये उलटमोजणीसाठी नऊ मीटर उंच घड्याळ उभारलं होतं. एस्टोनियात काहींनी धास्तीने जनरेटरही घेऊन ठेवले होते. त्यांची गरजच पडली नाही.

परत न दाबलेलं बटण

युक्रेनची गोष्ट तर अंगावर काटा आणते. २४ फेब्रुवारी २०२२ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या अभियंत्यांनी रशिया आणि बेलारूसच्या ग्रिडशी जोडणी तोडली. ही आधीच ठरलेली चाचणी होती. तीन दिवस एकट्याने ग्रिड चालवून बघायचं आणि पुन्हा जोडायचं. चार-पाच तासांत रशियाची क्षेपणास्त्रं पडू लागली. मग पुन्हा जोडणार कुणाशी? विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ क्षणाक्षणाला बसावा लागतो, नाहीतर सगळा देश अंधारात जातो. बॉम्बवर्षावात या माणसांनी तो मेळ तीन आठवडे राखला. युरोपशी जोडणी २०२३ मध्ये व्हायची होती. ती १६ मार्च २०२२ लाच झाली, शेजारच्या मोल्दोव्हासकट. या अभियंत्यांचे पुतळे उभारले तरी थोडेच.

याच युक्रेनने मायकोलाइव्ह प्रांतात, युद्धभूमीपासून सुमारे १०० किलोमीटरवर, भर युद्धात पवनचक्क्या उभ्या केल्या. तिलिहुल्स्का प्रकल्पाचा ११४ मेगावॉटचा टप्पा २०२३ मध्ये पूर्ण झाला. सहा-सहा मेगावॉटच्या १९ पवनचक्क्या. औष्णिक केंद्र एका हल्ल्यात ठप्प होऊ शकतं, पण माळभर विखुरलेल्या पवनचक्क्या एका क्षेपणास्त्राने पाडता येत नाहीत.

एक जहाज आलं, भाव उतरला

लिथुएनियाला गॅस देणारी एकच कंपनी होती, रशियाची गॅझप्रॉम. भावही ती म्हणेल तो. लिथुएनियाने दक्षिण कोरियात बांधलेलं, जवळपास ३०० मीटर लांबीचं एक तरंगतं एलएनजी (द्रवरूप गॅस) टर्मिनल भाड्याने घ्यायचं ठरवलं. जहाजाचं नाव ‘इंडिपेन्डन्स’. ते क्लायपेडा बंदरात पोहोचलं ऑक्टोबर २०१४ मध्ये, पण गॅझप्रॉमने त्याच्या काही महिने आधीच भाव सुमारे २० टक्क्यांनी उतरवला होता! दुसरं दुकान उघडतंय म्हटल्यावर पहिल्या दुकानदाराचा आवाज मऊ होतोच. एप्रिल २०२२ मध्ये रशियाचा गॅस पूर्णपणे थांबवणारा हा युरोपीय संघातला पहिला देश ठरला.

किल्लीच हाती दिली

जर्मनीची चूक मोठी आणि शिकण्यासारखी. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावला. त्याच्या पुढच्याच वर्षी रेडेनचा गॅससाठा, पश्चिम युरोपातला सर्वांत मोठा, गॅझप्रॉमकडे गेला. युद्धाआधीच्या हिवाळ्यात तो जवळपास रिकामा होता. तेव्हा जर्मनीचा निम्म्याहून जास्त आयात गॅस रशियातून यायचा. बाल्टिक समुद्राखालची १,२०० किलोमीटरहून लांब नॉर्ड स्ट्रीम २ वाहिनी बांधून तयार होती. तिच्यातून ग्राहकाला गॅस कधी मिळालाच नाही.

जाग आली तेव्हा मात्र जर्मनी धावला. विल्हेल्म्सहाफेनचं पहिलं एलएनजी टर्मिनल मे २०२२ मध्ये बांधायला घेतलं आणि डिसेंबरमध्ये सुरू केलं. सार्वजनिक इमारतींमध्ये १९ अंशांपेक्षा जास्त हीटिंग नको, असा नियम आला. बाडेन-व्युर्टेम्बर्गचे तेव्हाचे मुख्यमंत्री विन्फ्रीड क्रेट्शमन यांनी सांगितलं की रोज शॉवर कशाला, ओल्या फडक्याने अंग पुसलं तरी चालतं. डेन्मार्कच्या मार्ग्रेथ व्हेस्टेयर, तेव्हाच्या युरोपीय आयुक्त, म्हणाल्या की मुलांच्या अंघोळीवर लक्ष ठेवा आणि शॉवर बंद करताना ‘घे, पुतिन!’ म्हणा.

एक योगायोग बघा. २६ सप्टेंबर २०२२ ला बॉर्नहोम बेटाजवळ नॉर्ड स्ट्रीमच्या वाहिन्या स्फोटांनी फुटल्या. दुसऱ्याच दिवशी नॉर्वेचा गॅस पोलंडला नेणाऱ्या बाल्टिक पाइपचं उद्घाटन झालं.

बाल्कनीतली वीज

जर्मन भाडेकरूंनी काढलेला मार्ग मला सर्वांत आवडतो. बाल्कनीच्या कठड्याला एक-दोन सोलर पॅनल अडकवायचे आणि प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा. इन्व्हर्टरची मर्यादा ८०० वॉट. २०२५ मध्ये अशा नोंदणीकृत संचांची संख्या १० लाखांवर गेली.

पॅनल तर चीनचेच, मग एक हुकूमशाही सोडून दुसरीच्या दारात गेलो का? प्रश्न रास्त आहे; पॅनलच्या जागतिक पुरवठा साखळीत चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे आणि तो कमी व्हायलाच हवा. पण गॅस रोज लागतो. पॅनल एकदा घेतला की वीस-पंचवीस वर्षं चालतो. उद्या चीनने विक्री थांबवली तर नवे पॅनल मिळणार नाहीत, छतावरचे मात्र वीज देतच राहतील.

सुताराची पवनचक्की

१९७३ च्या तेलसंकटात डेन्मार्कची सुमारे ९० टक्के ऊर्जा आयात तेलातून यायची. रविवारी मोटारी चालवायला बंदी आली आणि लोक हमरस्त्यांवर सायकली घेऊन उतरले. ख्रिश्चन रीसेजर नावाच्या सुताराने घराच्या आवारात २२ किलोवॉटची पवनचक्की उभी करून वीज थेट ग्रिडला दिली. शेतीची अवजारं बनवणारी व्हेस्टास कंपनी १९७९ मध्ये पवनचक्क्यांकडे वळली. आज डेन्मार्कच्या विजेत वाऱ्याचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. आणि तिलिहुल्स्काच्या त्या १९ पवनचक्क्या? त्याही व्हेस्टासच्याच.

आपल्यालाही झळ बसली

भारताच्या गेल कंपनीने २०१२ मध्ये गॅझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या कंपनीशी २० वर्षांचा एलएनजी करार केला होता. २०२२ मध्ये या सिंगापूरच्या कंपनीची जर्मनीतली मूळ कंपनी जर्मन सरकारने ताब्यात घेतली, रशियाने तिच्यावर निर्बंध घातले आणि भारताकडे येणारी जहाजं थांबली. जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. श्रीमंत युरोपने जगभरचा एलएनजी खेचून घेतला, तेव्हा पाकिस्तानच्या एका निविदेला एकही बोली आली नाही. युरोपची चूक, भुर्दंड कराचीला.

आणि पुण्याचा धागा. गुजरातेतल्या कापडधंद्यात वीजबिलांनी जेरीला आलेल्या तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुझलॉन काढली, मुख्यालय पुण्यात. २००७ मध्ये फ्रान्सच्या अरेव्हाशी चुरस करून तिने जर्मनीच्या रीपॉवरवर ताबा मिळवला. २०१० मध्ये जर्मनीचा पहिला समुद्री पवनप्रकल्प, अल्फा व्हेंटस, सुरू झाला. त्याच्या १२ पवनचक्क्यांपैकी सहा रीपॉवरच्या. पुढे कर्जाच्या ओझ्याखाली सुझलॉनने २०१५ मध्ये ती कंपनी विकली.