बावीस श्रुती मोजायच्या कुठून? जुन्या पोथ्यांवरून संगीतप्रेमींमध्ये पेटलेला वाद

पुसदमध्ये भजनाला बसा किंवा पुण्यात मैफलीला जा, पेटी समोर असतेच. घरी पेटी असेल तर एक छोटा प्रयोग करून बघा. फोनमधल्या ॲपवरही जमेल.

‘पांढरी एक’ला सा धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. हा झाला बिलावल थाट. आता ‘पांढरी दोन’ला सा धरा आणि पुन्हा पांढऱ्याच पट्ट्या वाजवा. गंधार आणि निषाद कोमल झाले, म्हणजे हा काफी.

पट्ट्या त्याच आहेत, मोजायची सुरुवात बदलली. शंभर वर्षांपूर्वी संगीतप्रेमींमध्ये जो मोठा वाद झाला, त्याच्या मुळाशी असाच एक प्रश्न होता.

ग्रंथांत काय लिहिलंय?

भरताचं ‘नाट्यशास्त्र’ आणि शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ हे दोन्ही ग्रंथ सप्तकात २२ श्रुती सांगतात. सा, म आणि प यांच्या प्रत्येकी ४, रे आणि ध यांच्या ३, तर ग आणि नि यांच्या २. शार्ङ्गदेव १३व्या शतकात देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या यादव दरबारात होता.

जुने ग्रंथकार प्रत्येक स्वर त्याच्या शेवटच्या श्रुतीवर ठेवतात. तसं मोजलं तर काफीच्या जवळचं सप्तक मिळतं. पण तोच स्वर पहिल्या श्रुतीवर ठेवला, तर बिलावल मिळतो.

वाद कोणामध्ये होता?

या पोथ्या १९व्या शतकाच्या शेवटी मुंबई-पुण्यात छापून आल्या. त्यामुळे संस्कृत वाचू शकणारे वकील आणि सरकारी अधिकारीही या चर्चेत उतरले.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. प्रत्येक श्रुतीचं गणिती गुणोत्तर मांडता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना ब्रिटिश अधिकारी ई. क्लेमेंट्स यांची साथ मिळाली आणि गाऊन दाखवायला अब्दुल करीम खाँ होते. यातूनच खास ‘श्रुती हार्मोनियम’ तयार झाली.

दुसऱ्या बाजूला होते मुंबईचे वकील विष्णू नारायण भातखंडे. दुर्मीळ पोथ्यांसाठी ते देशभर फिरले. १९०४ च्या दक्षिण दौऱ्यात एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांकडे त्यांना व्यंकटमखीचा ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ हा ग्रंथ मिळाला. इतके ग्रंथ वाचूनही त्यांचं मत असं होतं की, जुन्या ग्रंथांतलं संगीत आज कुणी गात नाही. त्यामुळे नियम आजच्या गायकांच्या गळ्यावरून काढायला हवेत. म्हणूनच त्यांनी बिलावलला शुद्ध सप्तक मानलं.

बडोद्यात काय झालं?

१९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे श्रुती हार्मोनियमची परीक्षा झाली. झाकिरुद्दीन खाँ यांच्यासारख्या नामवंत धृपदियांच्या गळ्यातले सूर आणि पेटीचे सूर जुळेनात. परिषदेने ती पेटी स्वीकारली नाही.

भरकटलेल्या गप्पांचं काय?

भातखंड्यांचं मराठी पुस्तक ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ गुरु-शिष्यांच्या संवादातून पुढे जातं. रागाची चर्चा चाललेली असताना मध्येच प्रवासातले किस्से आणि गायक-पंडितांना काढलेले चिमटे येतात. हा ग्रंथ त्यांनी ‘विष्णुशर्मा’ या नावाने लिहिला आणि त्यात ‘चतुर पंडित’ नावाच्या ग्रंथकाराचे दाखले दिले. चतुर पंडितही तेच! आजच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्या अकाउंटवरून स्वतःलाच टॅग करणं.

पण विषय सोडून आलेल्या याच गप्पांमुळे त्या काळातले गायक कसे बोलत आणि काय लपवत, हे आज कळतं.

आपल्याला याचा काय फरक पडतो?

घराण्यांनी जपून ठेवलेल्या शेकडो चिजा भातखंड्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या ६ भागांत स्वरलिपीसह छापल्या. त्यामुळे उस्तादाच्या घरी राहून शिकणं ज्यांना शक्य नव्हतं, त्यांच्याही हाती त्या आल्या. दहा थाटांची त्यांची पद्धत आजही क्लासमध्ये शिकवली जाते.

देवलांचा प्रश्नही संपलेला नाही. पेटीच्या ठरावीक पट्ट्यांत गळ्यातले बारीक सूर बसत नाहीत, ही तक्रार पुढेही राहिली. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती उठायला १९७० चं दशक उजाडलं.

त्यामुळे यापुढे कुणी ‘शास्त्रात लिहिलंय’ म्हणून वाद मिटवायला आलं, तर दोन प्रश्न विचारा. कोणत्या ग्रंथात? आणि आज ते तसं कोण गातं?